कोलोनमधला खटला: बाळाची सुंता, वैद्यक आणि कायदा

४ नोव्हेंबर २०१० रोजी जर्मनीतल्या कोलोन शहरात एका डॉक्टरनं आपल्या दवाखान्यात चार वर्षांच्या मुलाची सुंता केली. कुटुंब मुसलमान, इच्छा आईवडिलांची, कारण धार्मिक. मुलाला आजार काही नव्हता. डॉक्टरनं तेवढ्या जागेपुरती भूल देऊन स्काल्पेलनं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीनं, पुढची कातडी काढली, चार टाके घातले आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन मुलाला पुन्हा पाहिलं. दोन दिवसांनी जखमेतून रक्त येऊ लागलं. आईनं मुलाला विद्यापीठाच्या रुग्णालयात, मुलांच्या तातडीच्या विभागात नेलं. तिथं रक्त थांबवण्यात आलं.

पुढे प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत पोचलं आणि डॉक्टरवर शारीरिक इजा केल्याचा खटला उभा राहिला. स्काल्पेल हे घातक हत्यार धरावं, असंही सरकारी पक्षाचं म्हणणं होतं.

अभ्यासाला हेच प्रकरण घ्यावं असं मला वाटतं, कारण त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. सुंतेवरून कोर्टात जाणाऱ्या प्रकरणांत पुष्कळदा वेगळंच काहीतरी बिघडलेलं असतं. कुठे अडाणी हात, कुठे पिकलेली जखम, कुठे वेगळ्या झालेल्या आईवडिलांचं भांडण. इथे तसं काही नव्हतं. तज्ज्ञानं डॉक्टरच्या कामात दोष काढला नाही. आईवडील एकमतानं उभे होते. नंतर रक्त येणं ही या शस्त्रक्रियेची माहीत असलेली गुंतागुंत आहे, ती कुशल डॉक्टरच्या हातूनही होते. त्यामुळे न्यायालयाला बगल द्यायला जागाच उरली नाही. आजार नसताना, मुलाला पुरतं काही कळत नसताना, त्याच्या शरीराचा निरोगी भाग कायमचा काढायला आईवडिलांची संमती पुरते का, हाच प्रश्न शिल्लक राहिला.

दोनदा सुटका, पण उलट कारणांनी

पहिल्या न्यायालयानं २१ सप्टेंबर २०११ रोजी डॉक्टरला सोडलं. आईवडिलांची संमती ग्राह्य आहे, सुंतेमुळे मुलगा आपल्या समाजात सामावतो, ती झाली नाही तर तो वेगळा पडू शकतो, तेव्हा ही गोष्ट त्याच्या भल्याचीच आहे, असा त्या न्यायालयाचा विचार. सरकारी वकील वर गेले.

वरच्या न्यायालयानं ७ मे २०१२ रोजी डॉक्टरला पुन्हा सोडलं, पण विचार पार उलटा केला. डॉक्टरनं नीट वापरलेलं स्काल्पेल हे हत्यार नव्हे, हे त्यानं मान्य केलं. मात्र सुंता ही शारीरिक इजाच आहे आणि आईवडिलांच्या संमतीनं ती कायदेशीर ठरत नाही, असं म्हटलं. मुलाचं शरीर कायमचं बदलतं, तो बदल परत फिरवता येत नाही, आणि मोठेपणी आपला धर्म आपण ठरवण्याच्या त्याच्या हक्काला त्यामुळे बाधा येते. आईवडिलांना मुलगा मोठा होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबावं लागलं, तर त्यांच्या हक्कावर फार मोठा घाला पडत नाही. हा निकालाचा गाभा.

मग डॉक्टर सुटला कसा? आपण करतोय ते बेकायदा आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता, म्हणून. जर्मन दंडसंहितेच्या १७व्या कलमात अशा टाळता न येण्याजोग्या गैरसमजाला माफी आहे. या प्रश्नावर कायदेपंडितांतच तट पडले होते. पासाऊ विद्यापीठातले फौजदारी कायद्याचे प्राध्यापक होल्म पुट्झके यांनी २००८ मध्ये मुलांची सुंता हा गुन्हा ठरू शकतो अशी मांडणी केली होती, आणि दुसऱ्या बाजूलाही नावाजलेली मंडळी होती. साध्या डॉक्टरनं त्यातून काय निवडावं?

इथे एक तिढा होऊन बसला. डॉक्टर निर्दोष सुटल्यामुळे त्याला अपील करता येईना. सरकारी वकिलांनी केलं नाही. निकाल अंतिम झाला आणि प्रकरण कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलंच नाही. एका शहरातल्या न्यायालयाचा हा निकाल दुसऱ्या कुठल्या न्यायालयावर बंधनकारक नव्हता. पण पुढच्या डॉक्टरला ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोय तर उरली नव्हती. कायदा बदललेला नाही, मात्र हात लावायची भीती आहे, अशा अवस्थेत देशभरातले डॉक्टर सापडले. इतका मोठा प्रश्न वरच्या न्यायाधीशांनी न तपासता असा अर्धवट सुटला, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात दुर्दैवी वाटतं. बाजू कोणतीही घ्या, पक्कं उत्तर कोणालाच मिळालं नाही.

आठव्या दिवसाचा प्रश्न

मे महिन्यातला निकाल लोकांना कळला जूनच्या अखेरीस, वर्तमानपत्रात आल्यावर. मग एकच गदारोळ उठला. बर्लिनच्या ज्यू रुग्णालयानं धार्मिक सुंता काही काळ थांबवल्या. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये झ्यूरिकच्या मुलांच्या रुग्णालयानंही तेच केलं.

खटला मुसलमान मुलाचा होता, जर्मनीत तेव्हा सुमारे ४० लाख मुसलमान होते आणि ज्यू संघटनांचे सभासद त्यांच्या मानानं फारच थोडे, लाखाच्या थोडे वर. तरी जगभर आवाज उठला तो ज्यूंचा. जर्मनीतल्या ज्यूंच्या मध्यवर्ती परिषदेचे अध्यक्ष डीटर ग्राउमान यांनी तीव्र निषेध केला. युरोपातल्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, परिषदेचे अध्यक्ष पिंकस गोल्डश्मिट यांनी तर हा बहुधा नाझींच्या नरसंहारानंतरचा ज्यू जीवनावरचा सर्वांत मोठा हल्ला आहे, असं म्हटलं. हे बोलणं मला टोकाचं वाटतं. पण ते कोणत्या देशात बोललं गेलं हे विसरून त्याचा न्याय करता येत नाही. ज्या राज्ययंत्रणेनं ज्यूंची यादी करून त्यांना मारलं, त्याच देशातलं न्यायालय आता त्यांच्या मुलांच्या अंगावरची ओळख गुन्हा ठरवतंय, असं त्या समाजातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटलं, तर त्यात आश्चर्य ते काय?

‘थोडं थांबा’ हा न्यायालयाचा सल्ला दोन्ही समाजांना सारखा लागू होत नाही, आणि माझ्या मते न्यायालय इथे चुकलं. इस्लाममध्ये वयाचा एकच नेम नाही. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही, ती परंपरेतून आली. कुठे सातव्या दिवशी करतात, तर तुर्की घरांत मुलगा सहा-सात वर्षांचा झाल्यावर त्याला राजपुत्रासारखा सजवून सोहळा करतात. तिथे वय पुढे सरकवण्यावर निदान बोलणं होऊ शकतं. ज्यूंच्या ब्रित मिलाचं, म्हणजे सुंतेच्या विधीचं, तसं नाही. देवानं अब्राहामाशी केलेल्या कराराची ती खूण, आणि दिवस ठरलेला, आठवा. ‘अठरा वर्षं थांबा’ म्हणजे त्यांच्या लेखी ‘करू नका’.

तरीही हा नेम दगडावरची रेघ नाही, आणि वादाच्या धुरळ्यात हे फारसं कोणी सांगितलं नाही. बाळ आजारी असेल, कावीळ असेल, तर आठवा दिवस टळू द्यायचा, हे ज्यू धर्मशास्त्रच सांगतं. तालमूद या त्यांच्या जुन्या धर्मग्रंथात तर असं आहे की एका आईची दोन मुलं सुंतेनंतर दगावली असतील तर तिसऱ्याची करू नये. रक्त न गोठण्याचा आजार घराण्यात चालतो आणि तो आईकडून येतो, हे हिमोफिलिया नाव पडण्याच्या कित्येक शतकं आधी त्या लोकांनी ओळखलं होतं. बाळाच्या जिवापुढे विधी मागे सरतो, हे तत्त्व परंपरेच्या पोटातच आहे. वैद्यकाला धर्माशी बोलायचं असेल तर सुरुवात इथून करता येते.

या हट्टाचं बळ आपल्या कोकणानं पाहिलेलं आहे. अलिबाग-पेणच्या गावांतले बेने इस्राएल, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, पिढ्यानपिढ्या बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते. हिब्रू विसरले, ग्रंथ उरले नाहीत, बोली मराठी झाली. बाहेरच्या ज्यूंना ते सापडले तेव्हा ओळख पटली ती मोजक्या खुणांवरून. शनिवारी घाणा बंद, खवले आणि पर नसलेली मासळी वर्ज्य, ‘शेमा’ची प्रार्थना, आणि मुलाची आठव्या दिवशी सुंता. ज्या समाजाचं सगळं पुसलं गेलं तरी एवढं टिकलं, त्याला कोलोनच्या न्यायाधीशांचा ‘फार मोठा घाला पडत नाही’ हा शब्द कसा लागेल, याचा विचार निकालात कुठे दिसत नाही.

वैद्यक काय सांगतं

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. धर्माचं ओझं बाजूला ठेवून, निव्वळ बाळाच्या तब्येतीसाठी ही शस्त्रक्रिया करण्याजोगी आहे का?

आधी एक गैरसमज. जन्मतः अग्रत्वचा, म्हणजे शिश्नाची पुढची कातडी, आतल्या भागाला चिकटलेलीच असते. ती मागे जात नाही हा आजार नाही, बाळाच्या शरीराची ती नेहमीची ठेवण आहे. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं १९४९ मध्ये हे नीट तपासून मांडलं आणि इंग्लंडमधली सरसकट सुंतेची प्रथा ओसरायला त्याचा हातभार लागला. डेन्मार्कमध्ये याकोब अ‍ॅस्टर यांनी शाळकरी मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली आणि १९६८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: सहा-सात वर्षांच्या मुलांत कातडी घट्ट असण्याचं प्रमाण ८ टक्के, सतरा वर्षांच्या आसपास ते १ टक्क्यावर येतं. म्हणजे बहुतेकांचं आपोआप सुटतं. आपल्याकडेही ‘लघवी करताना कातडी फुगते’ म्हणून घाबरलेले आईबाप बाळाला घेऊन डॉक्टरकडे येतात, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून रोज आंघोळीला कातडी जोर लावून मागे ओढतात. त्या ओढण्यानं चिरा पडतात, चिरा भरताना वण धरतो, आणि नसलेला आजार खरोखर तयार होतो. ओढू नका, एवढं ऐकलं तरी कितीतरी मुलांची शस्त्रक्रिया वाचेल.

फायदे नाहीतच असं मात्र नाही. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग सुंता झालेल्या बाळांत स्पष्टपणे कमी आढळतो. पण पहिल्या वर्षात हा त्रास मुळात शंभरातल्या एखाद्या मुलाला होतो. २००५ च्या एका आढाव्यात हिशेब असा निघाला की एक संसर्ग टाळायला साधारण १११ निरोगी मुलांची सुंता करावी लागेल, आणि जो संसर्ग टळेल तो बहुधा प्रतिजैविकानं बरा होणाराच असेल. ज्या मुलाची लघवी मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे जोरानं उलटी चढते, त्याच्यासाठी मात्र हाच आकडा ४ वर येतो. त्या मुलाच्या आईला मी ‘थांबा’ म्हणणार नाही. तिथे सुंता हा उपचार आहे आणि कोलोनच्या न्यायालयाचीही त्याला हरकत नव्हती.

एचआयव्हीचा मुद्दा सगळ्यात मोठ्यानं सांगितला जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फार्म, केनियातल्या किसुमू आणि युगांडातल्या राकाई इथल्या तीन चाचण्यांत, स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुंतेनंतर सुमारे ६० टक्क्यांनी घटली. त्यावरून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत हा कार्यक्रम सुचवला. चाचण्या भक्कम आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातले स्वयंसेवक तरुण आणि प्रौढ पुरुष होते. माहिती घेऊन, स्वतः हो म्हणून ते टेबलावर आले. शिवाय तिथे ही साथ स्त्रीपुरुष संबंधांतून पसरलेली होती. जर्मनीतलं चित्र निराळं. आणि चार वर्षांच्या मुलाला ज्या धोक्यापासून वाचवायचं तो त्याच्या आयुष्यात यायला निदान दहा-बारा वर्षं आहेत. तेवढ्या काळात तो स्वतः विचार करून हो म्हणू शकतो. शिश्नाच्या कर्करोगाचंही तसंच. तो दुर्मीळ आहे, उतारवयातला आहे, आणि घट्ट कातडी वेळीच बरी करणं व स्वच्छता हे सोपे मार्ग हाताशी आहेत.

दुसऱ्या पारड्यातही सगळं सरळ नाही. २०१० च्या आढाव्यानुसार तान्ह्या बाळांत गुंतागुंतीचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास, तर मोठ्या मुलांत ६ टक्क्यांच्या घरात. तान्ह्याची जखम लहान असते, लवकर भरते, आणि बहुधा टाकेही लागत नाहीत. मोठ्या मुलाला अनेकदा पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तिचा धोका वेगळा. याचा अर्थ, हात जितका लवकर लावावा तितकं शस्त्रक्रियेच्या दृष्टीनं सोपं, आणि संमती मात्र जितकं थांबावं तितकी खरी. ही ओढाताण कोणत्याही आकडेवारीनं सुटत नाही. जे म्हणतात ‘विज्ञानानं ठरवून टाकलंय’, मग ते सुंतेच्या बाजूचे असोत की विरोधातले, त्यांनी या ठिकाणी थोडं थबकावं.

ऑगस्ट २०१२ मध्ये कोलोनचा वाद भडकलेला असतानाच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं आपली भूमिका जाहीर केली: फायदे धोक्यांहून जास्त आहेत, पण सगळ्या नवजात मुलग्यांची सुंता करा असं सांगण्याइतके ते मोठे नाहीत, ठरवावं आईवडिलांनी. त्यावर पुढच्या वर्षी डेन्मार्कचे मॉर्टन फ्रिश आणि बहुतेक उत्तर युरोपातले मिळून ३८ डॉक्टर उत्तर घेऊन आले. अमेरिकेत ही प्रथा रुळलेली आहे म्हणून तुम्हाला फायदे मोठे दिसतात, बाळाच्या वयात खरोखर लागू पडणारा फायदा फक्त मूत्रसंसर्गाचा आणि तोही लहान, असा त्यांचा रोख. अकादमीनं उलट टोला दिला की कल सर्वांनाच असतो, प्रथा नसलेल्या देशांनाही. डच डॉक्टरांच्या संघटनेनं तर २०१० मध्येच कडक भूमिका घेतली होती: आजार नसताना मुलाची सुंता त्याच्या शरीरावरच्या हक्काच्या विरोधात जाते. पण त्यांनी कायद्यानं बंदी मागितली नाही. बंदी आली तर लोक चोरून, अडाणी हातांकडून करून घेतील, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. मला सगळ्यांत ती भूमिका प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात मत स्पष्ट आहे आणि त्या मताची किंमत कोणाला मोजावी लागेल याचं भानही आहे.

वेदना

या सगळ्या वादात एक गोष्ट अशी आहे जिच्यावर दोन मतं असूच नयेत, आणि तिलाच सर्वांत कमी जागा मिळाली.

१९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना नीट कळत नाहीत, असा समज डॉक्टरांतही होता. मूळचे भारतीय असलेले डॉ. कंवलजीत आनंद यांच्या कामानं तो मोडून काढला. १९९७ मध्ये टोरांटोतल्या अ‍ॅना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी सुंता झालेली आणि न झालेली बाळं चार-सहा महिन्यांच्या लसीकरणाच्या वेळी पाहिली. ज्यांची सुंता झाली होती ती सुईला जास्त तीव्रतेनं रडली. भुलीचं मलम लावून सुंता केलेल्या बाळांत हा परिणाम कमी होता. आठ दिवसांचं बाळ विसरून जातं असं आपण म्हणतो, पण त्याचं शरीर काहीतरी धरून ठेवतं.

मलम लावणं हे काहीच न लावण्यापेक्षा बरं, पण शिश्नाच्या मुळाशी इंजेक्शननं नस बधिर करणं त्याहून परिणामकारक आहे. ते द्यायला डॉक्टर लागतो. सुंता करणारा धार्मिक मोहेल डॉक्टर नसेल तर त्याला ते इंजेक्शन देता येत नाही. साखरेचं पाणी किंवा वाइनचा थेंब बाळाच्या जिभेला लावतात, त्यानं ते जरा शांत होतं, भूल काही मिळत नाही. जर्मन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष वोल्फ्राम हार्टमान यांनी संसदेच्या विधी समितीपुढे, सुंतेला मुभा देणारा जो कायदा पुढे झाला, त्याला विरोध केला. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. मलमावर भागवू नका हा त्यांचा आग्रह मात्र शंभर टक्के रास्त होता.

संसदेनं काढलेला मार्ग

१९ जुलै २०१२ रोजी, निकाल लोकांना कळून महिनाही झाला नव्हता तोच, जर्मन संसदेनं सरकारला कायदा आणायला सांगितलं. चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी पक्षाच्या बैठकीत, ज्यूंना आपले विधी करता येत नाहीत असा जगातला एकमेव देश आपण होऊ नये, नाहीतर जगात आपलं हसं होईल, असं म्हटल्याचं वर्तमानपत्रांत आलं. दोनच दिवसांनी सहाशेहून अधिक डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञांचं खुलं पत्र छापून आलं: धर्मस्वातंत्र्य म्हणजे लहान मुलावर हिंसा करायचा परवाना नव्हे.

२३ ऑगस्टला जर्मन नीतिशास्त्र परिषदेची, म्हणजे सरकार आणि संसदेला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ मंडळाची, उघडी बैठक झाली. परिषदेत मतभेद खोल होते. तरी किमान अटींवर सगळे एकत्र आले: आईवडिलांना पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती, योग्य प्रकारे वेदनाशमन, जाणत्या हातानं केलेली शस्त्रक्रिया, आणि मुलाला समज असेल त्या प्रमाणात त्याचा नकार मानणं. कोलोनच्या प्रकरणातून निघालेलं सर्वांत मोलाचं काही असेल तर ते या चार अटी, असं माझं मत आहे. निकालाच्या मथळ्यांत त्या हरवल्या.

१२ डिसेंबर २०१२ रोजी कायदा झाला. बाजूनं ४३४, विरोधात १००, तटस्थ ४६. तो फौजदारी कायद्यात न घालता नागरी संहितेत, पालकांच्या हक्कांच्या प्रकरणात बसवला. वैद्यकीय नियमांनुसार केलेल्या सुंतेला आईवडील संमती देऊ शकतात. त्यामुळे मुलाच्या हिताला धोका होत असेल तर नाही. आणि पहिल्या सहा महिन्यांत धर्मसमाजानं नेमलेली, डॉक्टरइतकी तयारी असलेली प्रशिक्षित व्यक्तीही ती करू शकते. मार्लेने रुप्रेख्ट आणि इतर खासदारांनी पर्यायी विधेयक मांडलं होतं: मुलगा चौदा वर्षांचा व्हावा, त्यानं स्वतः हो म्हणावं. चौदा हे वय मनात आलं म्हणून घेतलेलं नव्हतं. जर्मनीत त्या वयापासून मुलगा आपला धर्म आपण निवडू शकतो. ते विधेयक पडलं.

कायद्यात वेदनाशमन आणि मुलाचा नकार हे दोन्ही थेट शब्दांत लिहिलेले नाहीत. ‘वैद्यकीय नियम’ आणि ‘मुलाचं हित’ या शब्दांत ते येतात, असं स्पष्टीकरणात सांगितलं गेलं. मला हे अपुरं वाटतं. ज्या दोन गोष्टींवर परिषदेत सगळे एकमत झाले होते, त्या मूळ मजकुरातच असायला हव्या होत्या.

हामचा मुलगा

ही उणीव काही अंशी भरून काढली ती न्यायालयानंच. ३० ऑगस्ट २०१३ रोजी जर्मनीतल्याच हाम शहरातल्या वरिष्ठ न्यायालयापुढे सहा वर्षांच्या मुलाचं प्रकरण आलं. आई मूळची केनियाची. गावी गेल्यावर आपला मुलगा पुरा पुरुष मानला जावा म्हणून तिला त्याची सुंता करायची होती, स्वच्छतेचाही मुद्दा होता. न्यायालयानं नवा कायदा समोर ठेवून तिला नाही म्हटलं. कुटुंब जर्मनीत स्थायिक, केनियाला जाणं क्वचित, मुलाचा प्रोटेस्टंट बाप्तिस्मा झालेला, आणि आई स्वतःच म्हणत होती की शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्यासोबत थांबणं आपल्या मनाला झेपणार नाही. न्यायालयाचा मुख्य मुद्दा असा होता की सहा वर्षांचा मुलगा निर्णय घेऊ शकत नसला तरी त्याच्याशी त्याच्या वयाला कळेल असं बोलायला हवं, आईनं आणि डॉक्टरनंही, आणि तसं बोलणं झालंच नव्हतं.

कोलोनच्या चार वर्षांच्या मुलाशी कोणी बोललं होतं का? निकालाच्या वस्तुस्थितीत त्याचा उल्लेख नाही. दोन्ही न्यायालयांनी त्याच्या शरीराबद्दल, धर्माबद्दल आणि भविष्याबद्दल लिहिलं. चार वर्षांच्या मुलाला ‘इथे दुखेल, आम्ही औषध देऊ, तुला भीती वाटते का’ एवढं विचारता येतं. त्याचं उत्तर हो-नाही असं कायदेशीर नसेल, पण तो रडून आईला बिलगला तर त्याचाही अर्थ मोठ्यांना कळतो.

आपल्याकडे

भारतात सुंतेसाठी वेगळा कायदा नाही. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकांच्या संमतीनं सद्‍भावनेनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असं दंडसंहितेच्या ८९व्या कलमात होतं आणि आताच्या न्याय संहितेतही ती तरतूद आहे. मार्च २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे एक जनहित याचिका होती: आजार नसताना मुलाची सुंता करणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा ठरवा. न्यायालयानं ती फेटाळली. याचिका वर्तमानपत्री बातम्यांवर उभी होती आणि कायदे करणं हे न्यायालयाचं काम नव्हे, असं त्याचं म्हणणं.

त्या याचिकेची मागणी मान्य झाली असती तर पहिला मार बसला असता तो रुग्णालयात जाऊन, भूल देऊन, शल्यचिकित्सकाकडून सुंता करून घेणाऱ्या घरांना. आज शहरांत अनेक मुसलमान कुटुंबं मुलाला डॉक्टरकडे नेतात. खेड्यांत आणि गरीब वस्त्यांत अजूनही परंपरेनं सुंता करणाऱ्याला घरी बोलावण्याची रीत आहे, आणि तिथे भुलीचा प्रश्नच येत नाही. तुरुंगाच्या भीतीनं पहिले लोक दुसऱ्या वाटेला लागले असते. एका मुलाचं रक्त थांबवायला आई ज्या धीरानं कोलोनच्या रुग्णालयात गेली, तो धीर गुन्हा ठरलेल्या गोष्टीसाठी कोणती आई करील?

मागायचंच असेल तर हे मागावं: भुलीशिवाय कोणत्याही मुलाला, कोणत्याही वयात, कोणाच्याही हातून पातं लागू नये. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया नीट भूल देऊन आणि फुकट व्हावी. घराण्यात रक्तस्रावाचा आजार आहे का, हे आधी विचारलं जावं. आजार नसताना ‘कातडी घट्ट आहे’ असं सांगून कोणाला टेबलावर घेऊ नये. आणि बोलता येणाऱ्या मुलानं नाही म्हटलं, तर त्या दिवशी काम थांबावं.